जुन्या गाडीची दुसरी किल्ली

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की माणसं बॉनेट उघडतात, टायर दाबून बघतात, पत्र्यावर बोट फिरवून पुट्टी शोधतात. किल्ल्या किती मिळणार हा प्रश्न पैसे मोजताना निघतो. आमची हॅचबॅक गडहिंग्लजच्या एका निवृत्त गृहस्थांकडून आली. एकहाती चाललेली, सर्व्हिसच्या पावत्या फाईलला लावलेल्या, पण किल्ली एकच. "दुसरी घरातच हाय कुठंतरी, घावली की धाडून देतो," आजोबा म्हणाले. माणूस खरा होता, पण घर मोठं होतं आणि मुलं पुण्याला. ती किल्ली घावणार नाही असं धरूनच आम्ही भाव केला.

मी बेळगावात अनगोळला राहते आणि जांबोटीच्या बाजूला शाळेत शिकवते. पीरनवाडी, किणये, कुसमळीचा पूल असा रोजचा रस्ता. जून ते सप्टेंबर तिकडे जो पाऊस पडतो त्यात शाळेच्या आवारात गाडी दिवसभर भिजत उभी असते. संध्याकाळी एका हातात छत्री, दुसऱ्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन गाडीपाशी यायचं आणि रिमोट दाबला तरी दार उघडायचं नाही, हे मला परवडणारं नव्हतं. शिवाय एकुलती एक किल्ली तिकडच्या चिखलात पडली तर गाडी घरी आणायला टेम्पो लागेल, हा धाक वेगळाच.

म्हणून किल्लीचं सगळंच एकदा नीट करून घ्यायचं ठरवलं. ते एकाच ठिकाणी होईल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात घड्याळवाला, किल्लीवाला, वायरमन आणि सर्व्हिस सेंटर अशी चौकडी फिरून झाली. कारण किल्ली आपल्या हातात एक दिसत असली तरी तिच्यात तीन स्वतंत्र गोष्टी असतात. लोखंडी पातं दाराचं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतं. रिमोट दारांना लॉक-अनलॉकचा निरोप पाठवतो. आणि प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिच्यावाचून इंजिन चालू होत नाही. तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. रिमोट मेला तरी गाडी चालू होते. चिप नसली तर दार उघडतं, पण गाडी जागची हलत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्या कामाला कुणाकडे जायचं ते कळतं, आणि बरेच पैसे वाचतात.

सुरुवात सोप्यापासून. रिमोट अगदी दाराला टेकवल्यासारखा धरला तरच चालायचा. खडेबाजारात एका घड्याळवाल्याकडे गेले. त्यानं खाचेत नाणं घालून रिमोट उघडला आणि जुना सेल काढला. सीआर २०३२. या आकड्यांत मापच लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर १६२० असेल तर १६ मिलिमीटर रुंद आणि २ जाड. जवळपासच्या मापाचा सेल दाबून बसवला तर बसतो, पण पत्र्याची जीभ वाकते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. त्यानं मीटर लावून दाखवलं. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर, माझा बराच खाली गेलेला. सेल बदलला, अंतर वाढलं, पण अनलॉकचं बटण अजून तीनदा दाबल्यावर एकदा लागत होतं.

"अक्का, सेल न्हवं आता. बटण गेलंय."

रबराच्या बटणाखाली सर्किटवर दाण्याएवढा स्विच असतो. वर्षानुवर्षं अंगठा एकाच ठिकाणी पडून तो मरतो. अनलॉकचाच आधी जातो, कारण उघडायची घाई जास्त असते. त्यानं तिथल्या तिथं नवा स्विच डाख देऊन बसवला. सेलसकट दोनशे रुपयांच्या आत काम झालं. नवा रिमोट घ्या म्हणून सांगणाऱ्यांनी याआधी हजारांतले आकडे ऐकवले होते.

आता दार. रिमोट दाबला की तीन दारांतून 'खट्' असा आवाज यायचा आणि मागचं डावं दार गप्प. पहिल्यांदा चाइल्ड लॉक पाहिला. मागच्या दाराच्या कडेला असलेली ती छोटी खुट्टी. पण चाइल्ड लॉकनं दार फक्त आतल्या हँडलनं उघडत नाही, रिमोटला तो अडवत नाही. तेव्हा दोष दुसरीकडेच होता.

उद्यमबागच्या रस्त्याला एक मुलगा गाड्यांचं वायरिंग करतो. शाळेला जाता-येता मला तो वाटेवरच पडतो. त्यानं दाराला कान लावला आणि मला रिमोट दाबत राहायला सांगितलं. आतून क्षीण कुरकुर आली तर मोटर किंवा तिचे प्लॅस्टिकचे दाते गेले असं समजायचं. काहीच आवाज नसेल तर आधी करंट पोचतोय का ते बघायचं. सेंट्रल लॉकिंगमध्ये प्रत्येक दाराच्या कुलपाला अशी एक छोटी मोटर जोडलेली असते. ती एका दिशेला फिरली की लॉक, उलट फिरली की अनलॉक. करंटची दिशा उलटवायची एवढंच काम.

दाराचं आतलं पॅड काढणं मात्र बघण्यासारखं होतं. दोन स्क्रू दिसतात, बाकी सगळा जोर प्लॅस्टिकच्या क्लिपांवर. त्यानं पट्टीला कापड गुंडाळून कडेनं हळूहळू उचललं. "वडून काढला की क्लिपा तुटत्यात, मग दार आयुष्यभर खडखडत ऱ्हातंय." आत पाणी जाऊ नये म्हणून चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद त्यानं न फाडता सोलला. मला हे फार आवडलं. हा कागद फाडून टाकणारे लोक मी पाहिलेत, आणि मग पावसात पायाखालचा गालिचा ओला का होतो याचा शोध वर्षभर चालतो.

मोटरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला तर दिवा लागेना. मोटर काढून थेट बॅटरीला जोडली तर ठणठणीत फिरली. म्हणजे वायर. दार आणि खांब यांच्यामध्ये घडीघडीची एक रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी जातात. दार उघड-बंद होताना त्या दर वेळी वाकतात. नळी मागे सारल्यावर एक वायर वरून अखंड दिसली, पण ओढली की रबरासारखी ताणली जायची. आतलं तांबं तुटलेलं, नुसतं वेष्टन शाबूत. त्यानं नवा तुकडा डाख देऊन जोडला. सांधा नळीच्या आत येणार नाही असा सरकवून घेतला, कारण सांधा वाकवणीत आला की पुन्हा तुटतो. वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली आणि कुलपाला पांढरं ग्रीस लावलं. तेल सोडू नका म्हणाला, तेलावर धूळ बसते आणि आपल्याकडच्या लाल मातीत तिचा लगदा होतो. मोटर नवी घ्यावी लागली नाही.

इथवर सोपं होतं. खरा खटाटोप दुसऱ्या किल्लीचा.

गावात किल्ली करून देणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी माझी किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "नंबरचा बिल्ला हाय काय?" नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर एक छोटा बिल्ला येतो, त्याच्यावर किल्लीचा क्रमांक असतो. आजोबांनी तो फाईलला तारेनं बांधून ठेवला होता. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथं दुप्पट झाला. झिजलेल्या किल्लीवरून नवी कापली तर झिजेसकट कापली जाते, आणि नवी किल्ली पहिल्या दिवसापासून म्हातारी. क्रमांकावरून कापलेलं पातं कारखान्यातल्यासारखं येतं.

काकांनी आधी एक साधी लोखंडी किल्ली कापली, पन्नास-साठ रुपयांची. दार गुळगुळीत उघडलं. इग्निशनमध्ये घातली, स्टार्टर फिरला, इंजिन मात्र धरेना, आणि मीटरवर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"ही दार उघडंल, पण गाडी चालू करायची न्हाई. आत चिप पायजे."

चिपेला सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक गुंडाळी असते. किल्ली फिरवली की ती गुंडाळी कमी फ्रिक्वेन्सीची, साधारण १२५ किलोहर्ट्झची, चुंबकीय लहर सोडते. त्या लहरीवरच चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. इमोबिलायझरच्या, म्हणजे परक्या किल्लीला इंजिन चालू करू न देणाऱ्या यंत्रणेच्या, यादीत तो नंबर असला तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. रिमोटचं काम वेगळ्या वाटेनं चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि त्यांना सेल लागतो. म्हणून सेल पूर्ण उतरला तरी पात्यानं दार उघडून गाडी चालू करता येते. हे माहीत नसल्यामुळे टोइंगवाल्याला बोलावणारे लोक मला ठाऊक आहेत.

काकांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, माझ्या चिपेची नक्कल. काही चिपा मशीनवर वाचता येतात आणि तोच नंबर दुसऱ्या चिपेत उतरवता येतो. अर्ध्या तासाचं काम, खर्चही कमी. दुसरा मार्ग म्हणजे नव्या नंबराची चिप गाडीच्या यादीत नोंदवणं. त्याला गाडीचा सिक्युरिटी कोड लागतो, स्कॅनर लागतो.

नकलेचा मोह झाला. पण विचार केल्यावर लक्षात आलं की नक्कल केली तर गाडीच्या दृष्टीनं काहीच बदलत नाही. यादी जशीच्या तशी राहते, आणि गडहिंग्लजच्या घरात हरवलेली ती किल्लीही यादीत राहते. मला दुसरी किल्ली हवी होती, तितकंच हरवलेलीचं नाव कापूनही हवं होतं. आजोबांवर माझा भरवसा आहे. पण घरात हरवलेली वस्तू घरातच राहते असं थोडंच आहे? भंगारवाल्याकडे जाते, कपाटाबरोबर विकली जाते.

मग कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथं आधी कागद. आरसी, आधार, विम्याची पॉलिसी. किल्ली कुणाच्याही हातात देता येत नाही, त्यामुळे आरसी स्वतःच्या नावावर हवी, हे रास्तच. माझी आरसी तेव्हा प्रवासात होती. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इकडची नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओचं ना-हरकत म्हणजे फॉर्म २८, मग मालकी बदलाचे २९, ३०, मग कर्नाटकचा रोड टॅक्स. सीमेवर राहणाऱ्यांना ही गणितं पाठ असतात. निम्मे नातेवाईक एमएच ०९ आणि निम्मे केए २२, लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्यांवरूनच सोयरीक कळते. केए २२ची आरसी हातात आल्यावरच किल्लीचा अर्ज पुढे सरकला. तोवर काकांनी कापलेली साधी किल्ली पर्समध्ये आणि खरी किल्ली गळ्यात दोरीला, अशी मी फिरत होते. मुलांना वाटायचं बाईंनी शिट्टी घेतलीय.

किल्ली हरवल्याची पोलिसांकडची नोंदही मागितली होती. अर्ज कन्नडमध्ये आमच्या शाळेतल्या कन्नड शिक्षिकेनं लिहून दिला. शेवटी बिल्ल्यावरच्या क्रमांकानं किल्ली मागवली, आगाऊ पैसे भरले आणि ती यायची वाट पाहिली.

किल्ली आल्याचा फोन आला तो असा: "मॅडम्मर, एरडू की तगोंड बर्री." दोन्ही किल्ल्या घेऊन या.

"इद्दद्द ओंद री," मी म्हटलं. असलेलीच एक आहे, म्हणून तर हा सगळा खटाटोप!

पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नोंदणी करताना असलेल्या सगळ्या किल्ल्या समोर हव्यात. जुनी यादी पुसली जाते तेव्हा जी किल्ली घरी राहिली ती आपलीच असूनही परकी होते. दोन किल्ल्या असलेल्यांनी तिसरी करायला जाताना एक ड्रॉवरमध्ये विसरली तर तिसरी मिळते आणि दुसरी जाते.

तंत्रज्ञ पोरगा येळ्ळूरचा निघाला, म्हणजे आमच्या शेजारचाच. त्यानं आधी गाडीच्या बॅटरीला चार्जर जोडला. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर अर्धवट नोंद राहते आणि मग गाडी कुठल्याच किल्लीला ओळखत नाही. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात स्कॅनर लावला. पडद्यावर इमोबिलायझरचं पान उघडलं आणि तिथं नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या होती दोन.

"बघा मॅडम, दुसरी अजून आत हाय."

इतके दिवस जे नुसतं तर्कानं माहीत होतं ते आकड्यात दिसल्यावर पोटात थोडं हललंच. त्यानं सिक्युरिटी कोड घातला, यादी पुसली. आकडा शून्य. मग माझी जुनी किल्ली इग्निशनमध्ये, ऑन, लाल दिवा काही क्षण पेटून विझला. आकडा एक. ती काढली, नवी घातली, ऑन, दिवा विझला. आकडा दोन. हे सगळं चहा गार व्हायच्या आत झालं. ज्यासाठी इतकी पायपीट केली ते काम इतकं थोडक्यात उरकतं याचा जरा रागही आला.

रिमोटची नोंद त्यानंतर वेगळी. प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे. कुठं स्कॅनरवरून, कुठं इग्निशन ठरावीक वेळा ऑन-ऑफ करून, कुठं ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकच्या किटमध्ये बहुतेक डॅशबोर्डखाली एक लपवलेलं बटण असतं, ते दाबून. इंटरनेटवरची एका गाडीची रीत दुसऱ्या गाडीवर लावत बसण्यात अर्थ नाही, गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडावं. माझ्या गाडीत त्यानं शिकण्याचा मोड चालू केल्यावर चारी दारांनी एकदम 'खट्-खट्' केलं, म्हणजे गाडी ऐकायला तयार. एका रिमोटचं लॉकचं बटण दाबलं, पुन्हा खट्-खट्. दुसऱ्याचं दाबलं, पुन्हा तेच. मागचं डावं दारही त्यात सामील होतं, हे मी कान देऊन ऐकलं.

मग मी पर्समधून काकांची साधी किल्ली काढली आणि त्याला विचारलं की आता हरवलेली किल्ली कुणाला सापडली तर काय होईल. त्यानं गाडी रिमोटनं लॉक केली आणि त्या साध्या किल्लीनं दार उघडलं. उघडलंच. पाठोपाठ हॉर्न ठणाणा करायला लागला, कारण रिमोटनं लावलेलं दार पात्यानं उघडलेलं अलार्मला चालत नाही. आवाज ऐकून वॉशिंगची पोरं धावत आली. तेव्हा हिशोब असा आहे: यादीतून नाव काढलं की ती किल्ली गाडी नेऊ शकत नाही. पण आत शिरू शकते, कारण पात्याचे दाते तेच आहेत. तेही बंद करायचं तर दाराचं आणि इग्निशनचं कुलूप, म्हणजे पूर्ण लॉकसेट बदलावा लागतो. त्याचा भाव नव्या किल्लीच्या कितीतरी पट. मी तो खर्च केला नाही. गाडीत पर्स, लॅपटॉप ठेवायचा नाही, एवढ्यावर भागवते. कुणी गाडीतच दुकानाची रोकड ठेवत असेल त्यानं बदलावा.

साधी किल्ली मात्र मी टाकली नाही. किल्ली आत राहून दार बंद झालं तर तीच कामाला येईल. ती घरी असते, गाडीत नव्हे.

नव्या रिमोटनं नंतर एकदाच दगा दिला. दिवाळीच्या सुट्टीत खानापूरचा भाचा आला होता. त्यानं सोफ्यावर बसून बटणं दाबत बसायचा खेळ केला. दुसऱ्या दिवशी गाडी ओळख देईना. सेल नवा, स्विच नवा. झालं होतं ते असं: रिमोट दर वेळी तोच कोड पाठवत नाही. प्रत्येक दाबणीला पुढचा नवा कोड जातो, म्हणजे कुणी हवेतला कोड टिपून ठेवला तरी तो शिळा. गाडी आपल्याकडच्या मोजणीच्या पुढचे थोडेच कोड मान्य करते. गाडीला ऐकू न येता बटण खूप वेळा दाबलं गेलं की रिमोट मोजणीत फार पुढे निघून जातो. अशा बऱ्याच रिमोटमध्ये गाडीजवळ उभं राहून बटण लागोपाठ दोनदा दाबलं की गाडी ते दोन सलग कोड पडताळून मोजणी जुळवून घेते. माझी जुळली. नाही जुळली तर पुन्हा नोंदणीच.

रिमोट दाबून पाठ फिरवायची सवयही मी सोडलीय. अनलॉक करून तीसेक सेकंदांत कुठलंच दार उघडलं नाही तर माझी गाडी आपणहून पुन्हा लॉक होते. याचा फायदा आहे तसा घोळही आहे. डिकीत सामान ठेवायचं म्हणून अनलॉक करून बोलत उभं राहिलं की दार बंद. आणि गणपत गल्लीच्या गर्दीत लॉकचं बटण दाबल्यावर आवाज ऐकू येत नाही, तेव्हा हँडल ओढून बघायचं. जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीवर कुणी गोंगाट केला, मुद्दाम किंवा नकळत, तर लॉकचा निरोप गाडीपर्यंत पोचतच नाही आणि आपण निर्धास्त चालू लागतो.

सगळं झाल्यावर विम्याच्या ऑफिसात गेले. गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी विमा कंपन्या सगळ्या किल्ल्या मागतात, आणि एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या बिलाची झेरॉक्स, पोलिसांच्या नोंदीची प्रत आणि आता दोनच किल्ल्या नोंदलेल्या आहेत असं लिहिलेलं पत्र देऊन पोच घेतली. तिथल्या बाईंनी आधी "याची काय गरज?" असं विचारलं, मग शिक्का मारला. ती पोच, मूळ बिल आणि नंबरचा बिल्ला आता एका पाकिटात आहे. पाकीट कपाटात आहे. बिल्ला गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवणारे खूप आहेत, त्या क्रमांकावरून कुणीही किल्ली कापून घेऊ शकतो. यजमानांनी एकदा तो बिल्ला किचेनला अडकवला होता, शोभतो म्हणून. मी काढून आणला.